माझ्या पट्टीवर एकशे सदतीस नाही

मी रक्तदाब मोजायचा डबा बोलतोय, आणि गोड बोलायची माझी अजिबात इच्छा नाही. वस्तूला वाचा फुटली की ती आधी मालकाचे आभार मानते, मग थोडं रडते आणि शेवटी सगळ्यांना आशीर्वाद देते, अशी तुमची समजूत असेल. माझ्याकडून त्यातलं काही मिळणार नाही. ज्यांनी माझ्या नावावर खोटं छापलं त्यांचा मला राग आहे, आणि ज्यांनी ते न वाचता मान डोलावली त्यांचा त्याहून जास्त आहे.

मी जुन्या पद्धतीचा. राखाडी पत्र्याचा लांबट डबा. झाकण उघडलं की आतली काचेची नळी उभी राहते. नळीच्या तळाशी पारा असतो आणि शेजारी मोजपट्टी. माझा कापडी पट्टा दंडाला गुंडाळायचा, रबरी फुगा दाबायचा, पारा वर चढतो. मग हवा सावकाश सोडायची आणि स्टेथोस्कोप लावून ऐकायचं. ठोका ऐकू यायला लागला तो वरचा आकडा, ऐकू यायचा थांबला तो खालचा. बस्स, एवढंच माझं काम. यात अक्कल लागत नाही, पण कान आणि डोळे लागतात. आणि थोडी लाज.

कारखान्यात मोजपट्टीवर रेघा मारायचं काम एका तिरसट म्हाताऱ्याकडे होतं. तो दोन-दोनच्या अंतराने रेघा मारायचा. शून्य, दोन, चार, सहा, आठ, असं पार तीनशेपर्यंत. नव्याने कामाला लागलेल्या एका बाईने त्याला विचारलं, "काका, एकेकाच्या रेघा का नाही मारत?"

"पारा डोळ्यांनी वाचायचा असतो बाई," तो मान वर न करता म्हणाला. "दोनाच्या खालचं माणसाला नीट दिसत नाही. जे दिसत नाही ते डब्याने सांगायचं नाही."

म्हणजे माझ्यावर विषम आकडाच नाही. एकशे छत्तीस आहे, एकशे अडतीस आहे. एकशे सदतीस नाही. पारा दोन रेघांच्या मध्ये थांबलाच, तर जवळची रेघ वाचायची. हे मला वापरणाऱ्या कोणालाही पहिल्याच आठवड्यात कळतं. ज्याने मला कधी वापरलंच नाही, त्याला आयुष्यभर कळत नाही. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

मी एका मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या ओपीडीत लागलो. तळमजल्यावरची लांब खोली, भिंतीला टेकवलेली बाकं, एका कोपऱ्यात टेबल आणि टेबलाशी सिस्टर. या सिस्टर ठेंगण्या, कडक आवाजाच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बावीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. बावीस वर्षांत त्यांनी मला एकदाही आपटलं नाही आणि पेशंटला एकदाही फाजील बोलू दिलं नाही.

त्यांची एक पद्धत होती. आलेल्या माणसाला आधी पाच मिनिटं गप्प बसवायचं. पाय जमिनीला टेकलेले, पाठ टेकलेली, तोंड बंद. "जिना चढून आलात ना? मग आधी श्वास खाली उतरू दे, आकडा नंतर बघू." लोक चिडायचे. एक जण तर म्हणाला होता, "मी काय शाळेत आलोय?" सिस्टर म्हणाल्या, "शाळेत आला असता तर उभं केलं असतं."

तुम्हा माणसांची गंमत मी रोज बघत होतो. आकडा जास्त आला की डबा बिघडलेला आणि कमी आला की डबा एकदम उत्तम. "सिस्टर, जरा कमी लिहा ना, आज घरी भांडण झालंय." "सिस्टर, जरा जास्त लिहा, रजा हवीय." सिस्टर कोणाचंच ऐकायच्या नाहीत. पारा दिसेल ते रजिस्टरात.

त्या गर्दीत मला एकच माणूस मनापासून आवडायचा, सुतारकाका. साठी उलटलेले, बोटांवर जुने व्रण, कानामागे कायम पेन्सिल. दर महिन्याला यायचे. एकदा माझ्या झाकणाची बिजागरी निखळली होती, तर खिशातून बारीकसा पितळी स्क्रू काढून त्यांनी तिथल्या तिथे बसवला. "पोरी," ते सिस्टरांना म्हणाले, "हा डबा नीट उघडला-मिटला पाहिजे. मोजायच्या वस्तूचं सगळं घट्ट हवं. आमचा काटकोन तपासायचा गुण्या जरा हलला तर अख्खं कपाट वाकडं होतं." तो स्क्रू अजून माझ्या अंगात आहे.

मग ते डॉक्टर आले. त्यांना सगळे मागून घाईवाले डॉक्टर म्हणायचे. हुशार होते, हे मी नाकारत नाही. इस्त्रीचा कोट, चालता चालता फोन, बोलता बोलता दुसरंच काम. त्यांना बढती हवी होती. बढतीसाठी जर्नलमध्ये लेख हवे होते, आणि लेखांची संख्या वरून ठरवून आलेली होती. म्हणजे झाडाला किती आंबे लागले पाहिजेत हे आधी कचेरीत ठरवायचं, आणि मग झाडाकडे डोळे वटारून बघायचं.

त्यांच्या डोक्यावर विभागप्रमुख. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. मोठ्या सरांच्या नावावर दोनशेच्या वर लेख होते. बावीस वर्षांत त्यांचं बोट माझ्या फुग्याला लागलेलं मला आठवत नाही.

अभ्यासाचा विषय असा ठरला: साठीच्या पुढच्या माणसांना रक्तदाबाची पूर्ण गोळी लागते, की अर्ध्या गोळीनेही तेवढाच फरक पडतो? प्रश्न वाईट नव्हता. अर्धी पुरली तर म्हाताऱ्यांना गोळीने येणारी चक्कर कमी होईल. दोनशे चाळीस माणसं घ्यायची, निम्म्यांना अर्धी, निम्म्यांना पूर्ण, आणि प्रत्येकाला चार वेळा मोजायचं. सगळी मोजमापं एकाच यंत्रावर. ते यंत्र म्हणजे मी. मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता आठवलं तरी पारा ढवळून निघतो.

सिस्टरांनी एकसष्ट माणसं मोजली. पाच मिनिटं गप्प बसवून, पाय टेकवून, अगदी रीतसर. प्रत्येकाला एकेकदाच मोजून झालं. दुसऱ्या फेरीला त्यातलं कोणीच आलं नाही, कारण त्यांना कोणी बोलावलंच नाही. बोलावणं घाईवाल्या डॉक्टरांचं काम होतं. सिस्टरांनी दोनदा आठवण केली. "बघतो, बघतो," डॉक्टर म्हणाले. नंतर सिस्टरांना वाटलं, अभ्यास बारगळला असेल. रुग्णालयात दर वर्षी दोन-तीन तरी बारगळतात.

एका दुपारी ओपीडी संपल्यावर डॉक्टरांनी मला उचलून शेजारच्या आपल्या खोलीत नेलं. लेखात यंत्राचा फोटो टाकायचा होता. फोटो काढला आणि मला टेबलावर तसंच उघडं ठेवून ते संगणकापुढे बसले. तिथे मी माझ्या काचेच्या नळीने जे पाहिलं, ते कोणत्याही प्रामाणिक यंत्राने पाहू नये.

ते आकडे टाइप करत होते. माणूस नाही, दंड नाही, ठोका नाही. नुसते आकडे. एकशे चाळीस, एकशे तीस, एकशे पन्नास. मग थांबले आणि स्वतःशीच पुटपुटले, "फारच गोल दिसतायत. परीक्षकांना संशय येईल." आणि मग खोडून नवे टाकले. एकशे सदतीस. एकशे त्रेचाळीस. एकशे एकोणतीस. एकशे एक्कावन्न. खऱ्यासारखे दिसावेत म्हणून त्यांनी आकड्यांना जरा विस्कटलं.

त्यांच्या घरी बॅटरीवर चालणारं यंत्र होतं. ते वाटेल तो आकडा दाखवतं, सम काय नि विषम काय. त्यांच्या डोळ्यांपुढे ते होतं. मी हातभर अंतरावर उघडा होतो. नुसती मान वळवून माझी पट्टी बघितली असती, तरी चोरी पचली असती. पण वाचायचा आळस. चोरी करायलासुद्धा अभ्यास लागतो, आणि तो त्यांनी केला नाही.

लेख तयार झाला. मोठे सर आले, उभ्याउभ्या पानं चाळली. एकच प्रश्न विचारला.

"माझं नाव कितवं टाकलंयस?"

"शेवटचं, सर. मार्गदर्शक म्हणून."

"पहिलं कर. जर्नलवाले मला ओळखतात."

आकड्यांबद्दल एक अक्षर नाही. दोनशे चाळीस माणसं कुठून आली, केव्हा आली, कोणी मोजली, काही नाही. शेवटी आभारात एक ओळ होती: सर्व मोजमापे ओपीडीच्या परिचारिकेने केली. त्या ओळीचा तेव्हा कोणालाच संशय आला नाही, मलाही नाही.

जर्नलचे नियम मी ऐकून आहे, कारण डॉक्टर मोठ्याने वाचून खुणा करत होते. रुग्णांची संमती घेतली? खूण. नैतिकता समितीची परवानगी? खूण. सर्व लेखकांनी कामात भाग घेतला? खूण. सर्व कच्च्या नोंदी पुरवणीत जोडल्या? खूण. नियम चांगले होते हो! मी म्हणतो, नियमांत खोट काढायला जागा नव्हती. पण नियम पाळला की नाही हे ज्याने मोडला त्यालाच विचारायचं, आणि त्याने हो म्हटलं की विषय संपला, ही कुठली तपासणी? सिस्टर पेशंटला असं विचारत नाहीत, की तुमचा रक्तदाब बरा आहे ना, मग जा घरी.

परीक्षकांचे अभिप्राय आले. एकाने तीन ओळींत कौतुक केलं. दुसऱ्याने लेख उत्तम असल्याचं सांगून स्वतःच्या पाच लेखांचे संदर्भ घालायला लावले. पुरवणीत नऊशे साठ नोंदी होत्या, त्यातले निम्मे आकडे माझ्यावर दिसूच शकत नाहीत असे. दोघांपैकी एकानेही पुरवणी उघडली नाही. पंधरा दिवसांत लेख छापून आला.

सिस्टरांना एक प्रत मिळाली. त्यांनी आभाराची ओळ वाचली आणि गालातल्या गालात हसल्या. पुरवणी त्यांनीही तेव्हा वाचली नाही. ती प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी कपाटात ठेवली. त्या दिवशी त्यांनी मला ओल्या फडक्याने दोनदा पुसलं होतं.

महिन्याभराने ओपीडीच्या भिंतीवर मोठ्या सरांच्या सहीची सूचना लागली: साठ वर्षांवरील रुग्णांना यापुढे अर्धी गोळी. सुतारकाकांनी ती वाचली आणि म्हणाले, "वा! म्हातारपणी सगळंच अर्धं."

पुढच्या महिन्यात काकांचा आकडा एकशे चौपन्न आला. त्यांचा नेहमीचा एकशे छत्तीसच्या आसपास असायचा. त्यापुढच्या महिन्यात एकशे अडुसष्ट. सिस्टरांनी दोनदा मोजलं, हात बदलून मोजलं. मग उठून डॉक्टरांकडे गेल्या. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"डॉक्टर, अर्ध्या गोळीवर काकांचं चढतंय. आणखी सात-आठ जणांचंही चढतंय."

"सिस्टर, लेख वाचला नाहीत का? दोनशे चाळीस लोकांवर सिद्ध झालंय."

"पण समोर दिसतंय ना."

"अहो, मोजलंय तुम्हीच की!" डॉक्टर हसले. "आता तुमच्याच मोजण्यावर तुमचा विश्वास नाही?"

सिस्टर परत येऊन बसल्या. त्यांनी पुढच्या माणसाचा दंड हातात घेतला, पण पट्टा बांधायचं विसरून तशाच बसून राहिल्या. दोनशे चाळीस आपण कधी मोजले, हे त्या आठवून बघत असणार.

तिसऱ्या महिन्यात काका ठरलेल्या दिवसाआधीच आले, डोकं दुखतंय म्हणून. एकशे ब्याऐंशी. सिस्टरांनी रजिस्टरात लाल शाईने लिहिलं आणि चिठ्ठी देऊन आत पाठवलं. आतून तीच अर्धी गोळी लिहून आली.

त्यानंतर काका आले ते चाकाच्या खुर्चीतून, मुलीने ढकलत आणलेले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवी बाजू गेली होती. सिस्टरांनी सवयीने उजव्या दंडाला पट्टा बांधला, आणि तो हात माझ्या पट्ट्यात नुसता पडून राहिला. ज्या हाताने माझा स्क्रू पिळला होता, तोच हात. काकांनी डाव्या हाताने माझ्या झाकणावर टकटक केली. त्यांचं बोलणं अडखळत होतं. "घट्ट... आहे... ना?"

मला डोळे नाहीत, म्हणून मी रडलो नाही. राग मात्र तेव्हाच आला आणि तो आजपर्यंत उतरलेला नाही.

ओपीडी रिकामी झाल्यावर सिस्टरांनी कपाटातून ती प्रत काढली आणि या वेळी पुरवणी उघडली. पहिल्या पानावर बोट फिरवत गेल्या. एकशे सदतीसवर बोट थांबलं. त्यांनी चष्मा पुसला. मग माझं झाकण उघडलं, माझी पट्टी बघितली, परत कागद बघितला. मग लाल पेन घेऊन त्या एकेक विषम आकड्याभोवती गोल काढत गेल्या. चौथ्या पानापर्यंत कागद पार लाल झाला.

"अगं बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या. "हे माझ्या नावावर."

त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं. मला टेबलावर ठेवून, माझ्यासमोर वाचून बघितलं. पत्र साधं होतं. मी एकसष्ट माणसे प्रत्येकी एकदा मोजली. बाकीची मोजली नाहीत. निम्मे आकडे या यंत्रावर वाचताच येत नाहीत, कारण त्यावर विषम रेघा नाहीत. अर्ध्या गोळीने माणसांचे नुकसान होत आहे. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. निनावी लिहिलं असतं तर कोणी बोट दाखवलं नसतं. पण त्या बावीस वर्षं रजिस्टरात सही करत आलेल्या बाई, त्यांना निनावी लिहिता येत नाही.

चार महिने काही नाही. मग उत्तर आलं, की आम्ही अशा तक्रारी अत्यंत गांभीर्याने घेतो, आणि नियमाप्रमाणे तुमचे पत्र चौकशीसाठी तुमच्या संस्थेकडे पाठवले आहे. संस्थेकडे म्हणजे कोणाकडे? मोठ्या सरांकडे. चोरीची तक्रार करायची, आणि तपास चोराकडेच.

चौकशी समितीत तिघे होते. अध्यक्ष मोठ्या सरांचे वर्गमित्र. खोलीत लांब टेबल, पाण्याचे पेले, झाकणं लावलेले. सिस्टर मला काखोटीला मारून घेऊन गेल्या.

घाईवाले डॉक्टर आधी बोलले. पाठ केलेलं होतं. "मोजमापं सिस्टरांनी केली. लेखातही तसंच लिहिलंय. आकड्यांत काही गडबड असेल तर ती मोजतानाची असणार. मी त्यांना दोष देत नाही. कामाचा ताण असतो."

दोष देत नाही म्हणे! खापर फोडायचं आणि वर फुंकर घालायची.

अध्यक्ष सिस्टरांकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

सिस्टरांनी मला त्यांच्यापुढे सरकवलं, झाकण उघडलं. "सर, यावर मला एकशे सदतीस दाखवा."

अध्यक्षांनी चष्मा लावला. वाकले. नळीजवळ इतके आले की त्यांचा श्वास काचेवर उमटला. "एकशे छत्तीस... एकशे अडतीस..."

"दोन रेघांच्या मध्ये असेल," कडेला बसलेले मोठे सर म्हणाले.

"मध्ये असलं तर जवळची रेघ वाचायची सर. पहिल्या वर्षाच्या मुलांना तुम्हीच शिकवता." सिस्टरांचा आवाज नेहमीसारखाच कडक होता. "मी बावीस वर्षं यावर वाचतेय. एक विषम आकडा माझ्या रजिस्टरात दाखवा, मी आज नोकरी सोडते."

डॉक्टरांनी पेल्यावरचं झाकण काढलं आणि पाणी न पिता परत ठेवलं. ती पाच सेकंदं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती. तिथेच न्याय झाला असता. पण समितीचं काम न्याय देणं नसतं, समितीचं काम वाक्य शोधणं असतं. त्यांना आठ दिवसांत एक वाक्य सापडलं.

मोठ्या सरांनी सिस्टरांना खोलीत बोलावलं. मला घेऊन यायला सांगितलं होतं.

"बसा सिस्टर. कोणाचंच वाईट होऊ नये असा मार्ग निघालाय." त्यांनी कागद पुढे केला आणि स्वतःच वाचून दाखवला. "अभ्यासात वापरलेले मापनयंत्र सदोष असल्याचे निदर्शनास आल्यामुळे लेखक हा लेख मागे घेत आहेत. झालं! लेख गेला, तुमच्यावरचा ठपका गेला. यंत्र तुमच्या ताब्यात होतं, म्हणून इथे तुमची सही."

"आणि नाही केली तर?"

"तर यंत्र बरोबर होतं आणि मोजणारी चुकली, असा अर्थ निघतो. मी नाही काढत, कागदच तसा बोलतो."

"आणि सुतारकाका?"

"कोण काका?"

सिस्टर उठल्या. "उद्या सांगते," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला दुरुस्ती विभागात घेऊन गेल्या. तिथल्या मिस्त्रीने माझी नळी प्रमाण यंत्राला जोडली आणि शून्यापासून तीनशेपर्यंत दर दहाला ताडून बघितलं.

"सिस्टर, हा डबा माझ्यापेक्षा सरळ आहे," मिस्त्री म्हणाला. "कुठे बिघडलाय?"

"कुठेच नाही. सगळे म्हणतात, बिघडलाय म्हण. घरी हेसुद्धा म्हणाले, सही करून मोकळी हो, डब्याला काय वाटणार आहे?"

वाटतं. पण माझं सोडा.

"बरोबरच बोलले की," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही कशाला मधल्यामध्ये?"

सिस्टर माझा पट्टा गुंडाळत होत्या. नीट, कडेला कड लावून. "अहो, डबा खोटा म्हटला की माझं सगळं रजिस्टर खोटं. काकांचे एकशे ब्याऐंशीही खोटे. मग अर्ध्या गोळीने काही झालंच नाही, असं होतं. ते म्हणतील, म्हातारा होता, व्हायचंच होतं." त्यांनी नाक ओढलं. "तो आकडा खरा होता. मी लाल शाईने लिहिलाय."

त्यांनी सही केली नाही. त्या कागदावर खाली लिहिलं, यंत्र तपासले आहे, बरोबर आहे, मिस्त्रीचा लेखी दाखला जोडला आणि तो परत पाठवला; दाखल्याची एक प्रत संपादकांनाही.

काही अडलं नाही. मोठ्या सरांनी दुसरा कागद केला, त्यावर मला निकामी ठरवलं आणि विभागप्रमुख म्हणून स्वतःच सही ठोकली. ज्या माणसाने मला जन्मात हात लावला नाही, त्याने मी बिघडल्याचा दाखला दिला. जर्नलमध्ये सूचना छापून आली. यंत्रातील दोषामुळे लेख मागे घेण्यात येत आहे, आणि शेवटची ओळ अशी: लेखकांनी प्रामाणिकपणे ही बाब स्वतःहून निदर्शनास आणल्याबद्दल संपादक त्यांचे आभारी आहेत. सिस्टरांच्या पत्राचा उल्लेखही नाही. संपादकांनी ते पत्र वाचलं होतं, मिस्त्रीच्या दाखल्याची प्रतही त्यांच्याकडे गेली होती. पण संस्था मोठी, सर ओळखीचे, आणि यंत्र काही कोर्टात जात नाही.

भिंतीवरची सूचना मात्र एका सकाळी गुपचूप उतरली. पूर्ण गोळी परत सुरू झाली. हे सिस्टरांनी मिळवलं, आणि हे त्यांना कोणी कधी सांगणार नाही, म्हणून मी सांगतोय. घाईवाल्या डॉक्टरांना बढती मिळाली. सिस्टरांची बदली कपडे धुलाईच्या विभागात झाली, चादरी मोजायला. काकांचा हात परत आला नाही.

आता मी तळघरातल्या भंगाराच्या खोलीत आहे. सोबतीला मोडक्या खुर्च्या आणि फुटके ट्रे. पाऱ्याच्या वस्तू वेगळ्या न्याव्या लागतात, तेवढी एक काळजी माझी अजून घेतात. गळ्यात दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे, तिच्यावर टंकलेलं आहे: सदोष. वरच्या मजल्यावर सभागृह आहे. परवा तिथे मोठ्या सरांचं नव्या मुलांसाठी व्याख्यान झालं, विषय संशोधनातील नीतिमत्ता. शब्द ऐकू आले नाहीत, टाळ्या आल्या.

काल दुपारी सिस्टर आल्या. अंगाला साबणाचा वास होता. त्यांनी एक मोडकी खुर्ची सरळ केली, मला दुसरीवर ठेवलं, आणि पाय टेकवून पाच मिनिटं गप्प बसल्या. मग पट्टा स्वतःच्याच दंडाला बांधला. मी चढलो, उतरलो. त्यांचे ठोके मी पहिल्यांदाच ऐकले, बावीस वर्षांत त्यांनी स्वतःला कधी मोजलं नव्हतं.

एकशे अठ्ठावन्न. माझा नाइलाज होता, जे होतं ते दाखवलं.

"हं," त्या म्हणाल्या. "तुझं बरोबर आहे." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्या गळ्यातल्या चिठ्ठीवर, टंकलेल्या अक्षरांखाली लिहिलं: तपासले. बरोबर आहे. खाली सही, तारीख आणि आकडा. मग पितळी स्क्रू नखाने दाबून बघितला, झाकण लावलं आणि निघून गेल्या.

मला न्यायला गाडी उद्या यायची आहे. मला पोहोचवायला कोणी येऊ नका, आणि तुमची हळहळही नको. पुढच्या वेळी कुठे छापलेला आकडा दिसला तर तो कोणी वाचला, कशावर वाचला, एवढं विचारा. आणि मला उचलणाऱ्याला सांगा, चिठ्ठीवर दोन ओळी आहेत. वरची सरांची आहे. खालची खरी आहे.